नवपरवानाधारक वाहनचालक आणि मोटार विमा : कायदा, करार व व्यवहार

गोषवारा :
मोटार वाहन चालविण्याचा परवाना नुकताच प्राप्त झालेल्या व्यक्तीस भारतात विमा मिळण्यात विशेष अडचण येत नाही. तिच्या अननुभवाची दखल विमाहप्ता ठरविताना सहसा घेतली जात नाही. मात्र अपघात घडल्यावर परवान्याची स्थिती, वाहनाची मालकी आणि पॉलिसीचा प्रकार या तीन बाबींवर संरक्षण मिळणार की नाही हे ठरते. प्रस्तुत लेखात या बाबींचे विवेचन मोटार वाहन अधिनियम १९८८, सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय आणि प्रचलित विमाव्यवहार यांच्या आधारे केले आहे.

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात मोटार येण्याचा क्रम बहुधा उलटा असतो. गाडी आधी दारात येते, ड्रायव्हिंग स्कूलचे वर्ग नंतर सुरू होतात आणि परवाना त्याही नंतर हाती पडतो. विमा तर गाडीच्या किमतीतच 'ऑन रोड' या शीर्षाखाली मिळवून टाकलेला असतो. विक्रेत्याच्या टेबलावर इतर कागदांसोबत त्याची प्रत मिळते आणि ती आर.सी. बुकाच्या पाकिटात जाऊन पडते. पहिला अपघात होईपर्यंत ती वाचली जात नाही. विमा हा मुळात करार आहे आणि करारातील अटी सही करतानाच समजून घ्यावयाच्या असतात, हे तत्त्व वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षास शिकविले जाते. शिकविणाऱ्यांच्या घरीही ते पाळले जातेच असे नाही.

भारतात २०२२ या एका वर्षात ४,६१,३१२ रस्ते अपघात होऊन १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केली आहे. या पार्श्वभूमीवर ज्याने नुकतेच सुकाणूचक्र हाती घेतले आहे अशा चालकास, त्याच्या कुटुंबास आणि त्याच्या गाडीची धडक बसणाऱ्या पादचाऱ्यास विमा कितपत तारतो, हा प्रश्न केवळ आर्थिक राहत नाही.

एका पॉलिसीतील दोन करार :
व्यवहारात ज्यास 'फुल इन्शुरन्स' म्हणतात त्या पॉलिसीत वस्तुतः दोन भिन्न स्वरूपाची संरक्षणे एकत्र केलेली असतात. पहिले त्रयस्थ पक्षाच्या हानीचे. वाहनामुळे दुसऱ्या व्यक्तीस इजा झाली, मृत्यू आला अथवा तिच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर मालकावर येणारे दायित्व विमा कंपनी उचलते. १९८८ च्या अधिनियमाच्या कलम १४६ अन्वये हे संरक्षण सक्तीचे आहे. दुसरे संरक्षण स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचे असून ते ऐच्छिक आहे. गाडी कर्जावर घेतली असल्यास बँक ते घ्यावयास लावते, एवढेच.

सक्तीच्या विम्याची कल्पना ब्रिटनमधील १९३० च्या रोड ट्रॅफिक अॅक्टपासून आपल्याकडे आली. १९३९ च्या भारतीय मोटार वाहन अधिनियमातील तत्संबंधीचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले. या सक्तीचा हेतू मालकाचे रक्षण हा नव्हता. धडक देणारा निर्धन निघाला तर जखमी व्यक्तीस भरपाई कोठून मिळणार, या विवंचनेतून ती जन्मास आली. हा हेतू ध्यानी ठेवला म्हणजे पुढील अनेक न्यायनिर्णयांची संगती लागते.

विम्याविना वाहन चालविल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९६ अन्वये पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, आणि पुनरावृत्तीस ४,००० रुपये दंडाची तरतूद आहे. दंड क्षुल्लक आहे. खरा धोका न्यायाधिकरणाकडून येणाऱ्या भरपाईच्या आदेशाचा असतो, कारण मृत्यू अथवा शारीरिक इजेबाबत कलम १६६ खालील भरपाईस कमाल मर्यादा नाही आणि विमा नसल्यास ती रक्कम मालकाच्या घरादारावर येते.

मुदतीचा घोळ :
सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी त्रयस्थ पक्ष विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र सामान्यतः १ वर्षाचाच असतो. पॉलिसीवर '३ वर्षे' हा आकडा पाहून नवा मालक निर्धास्त होतो आणि पहिल्या वाढदिवशीच त्याच्या गाडीचे निम्मे संरक्षण संपते. दुसऱ्या वर्षी गाडी झाडावर आदळली तर झाडाच्या मालकास भरपाई मिळू शकते, गाडीच्या मालकास नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून केवळ स्वतःच्या नुकसानीची स्वतंत्र पॉलिसी उपलब्ध आहे. ती कोणत्याही कंपनीकडून घेता येते, विक्रेत्याने सुचविलेल्याच कंपनीकडे जाण्याचे बंधन नाही.

विमाहप्ता आणि अननुभव :
ब्रिटनमध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्यास मोटार चालविता येते. परंतु तेथे विमा मुख्यत्वे चालकाचा विचार करून दिला जातो. वय, परवाना मिळून झालेला काळ, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण आणि पूर्वीचे गुन्हे यांवरून हप्ता ठरतो. परिणामी कोवळ्या वयाच्या चालकाचा वार्षिक हप्ता कित्येकदा त्याच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या घरात जातो. तो टाळण्यासाठी आईवडील स्वतःस मुख्य चालक दाखवून मुलास दुय्यम चालक म्हणून नोंदवितात. गाडी प्रत्यक्षात मुलगाच वापरत असेल तर तेथे ही फसवणूक समजली जाते. गाडीत यंत्र बसवून चालविण्याच्या सवयींची नोंद घेणाऱ्या पॉलिसीही तेथे तरुणांत रूढ आहेत. १९९५ च्या नवचालकविषयक कायद्यानुसार पहिल्या दोन वर्षांत सहा दंडगुण जमा झाल्यास परवानाच रद्द होतो. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या मराठी तरुणास भारतातील अनेक वर्षांच्या अनुभवानंतरही नवशिक्याच्या जवळपासचा हप्ता सांगितला जातो, तेव्हा या पद्धतीची ओळख होते.

भारतीय पद्धती याहून निराळी आहे. येथे विमा वाहनाशी बांधलेला असतो. त्रयस्थ पक्ष विम्याचे दर शासन ठरविते आणि ते इंजिनाच्या घनक्षमतेवर अवलंबून असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० घ.सें.मी. पर्यंतच्या खासगी मोटारीस वार्षिक २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० घ.सें.मी. पर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावरील मोटारीस ७,८९७ रुपये असा मूळ हप्ता ठरला. यात चालकाच्या वयाचा वा अनुभवाचा प्रश्नच उद्भवत नाही. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. तथापि गाडीची किंमत, वय, घनक्षमता आणि नोंदणीचे क्षेत्र हेच त्याचे प्रमुख आधार राहिले. खासगी मोटारींसाठी मुंबई व पुणे ही शहरे 'अ' क्षेत्रात, तर उर्वरित महाराष्ट्र 'ब' क्षेत्रात मोडतो. सांगलीतील काल परवाना मिळालेली तरुणी आणि तीस वर्षे निर्वेध गाडी चालविणारे तिचे शेजारी यांचा हप्ता, नो क्लेम बोनस सोडल्यास, जवळजवळ सारखाच येतो.

ही व्यवस्था नवशिक्यास सोयीची आहे, हे उघड आहे. तिची दुसरी बाजू अशी की अननुभवाची किंमत हप्त्यात दिसत नसल्यामुळे तो अननुभव हा विम्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे याचेही भान राहत नाही. जुलै २०२२ मध्ये भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने किती चालविले आणि कसे चालविले यांवर हप्ता ठरविणाऱ्या पूरक योजनांना वाट करून दिली. आठवड्यातून एखादेवेळी गाडी काढणाऱ्या नव्या चालकास अंतरावर आधारित योजना लाभदायक ठरू शकते. तूर्त त्या ऐच्छिक आहेत.

परवाना : पॉलिसीतील निर्णायक अट :
मोटार पॉलिसीतील 'ड्रायव्हर्स क्लॉज' हे दोन वाक्यांचे कलम नव्या चालकाने प्रथम वाचावे. अपघातसमयी गाडी चालविणाऱ्याकडे प्रभावी परवाना असला पाहिजे आणि तो परवाना धारण करण्यास अपात्र ठरलेला नसावा, ही त्यातील पहिली अट. शिकाऊ परवानाधारकासही गाडी चालविता येईल, परंतु त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ३ चे पालन केलेले असावे, ही दुसरी.

नियम ३ नुसार शिकाऊ परवानाधारकाच्या शेजारी प्रभावी परवाना असलेला मार्गदर्शक बसलेला असावा लागतो, आणि तोही गाडीवर नियंत्रण ठेवू शकेल वा ती थांबवू शकेल अशा जागी. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' अक्षर हवे. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. प्रत्यक्षात तीस दिवस उलटले की 'आता येतेच' या विश्वासाने एकट्याने गाडी काढली जाते. चाचणीची तारीख परीक्षा, पाऊस किंवा पाहुणे यांमुळे पुढे ढकलली जाते आणि सातवा महिना उजाडतो. त्या दिवशी त्या व्यक्तीजवळ कायद्याच्या दृष्टीने कोणताही परवाना नसतो, हात कितीही सफाईदार झालेला असो.

अशा वेळी अपघात घडला तर काय होते? येथे पॉलिसीचे दोन भाग वेगवेगळे वागतात. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी अटभंगाच्या कारणाने नाकारू शकते. त्रयस्थ पक्षाच्या बाबतीत मात्र 'नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वर्ण सिंग' या ५ जानेवारी २००४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सविस्तर भूमिका घेतली. परवाना नव्हता, खोटा होता किंवा मुदतबाह्य होता एवढ्यानेच कंपनीस जखमी व्यक्तीपुढे हात वर करता येणार नाहीत. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध करावे लागेल. ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीस आधी भरपाई देण्यास आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगू शकेल. शिकाऊ परवाना हादेखील परवानाच आहे, असेही याच निवाड्यात म्हटले आहे.

'आधी द्या, मग वसूल करा' हे सूत्र जखमी व्यक्तीस न्याय देणारे आहे. मालकास त्यातून दिलासा मिळत नाही. परवाना नसलेल्या मुलाच्या हाती चावी देणाऱ्या पित्यास ती रक्कम अखेर स्वतःच भरावी लागू शकते. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर २०१९ मध्ये आलेल्या कलम १९९अ नुसार पालक अथवा मालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, अशी तरतूद आहे.

चालकाचे स्वतःचे संरक्षण :
नव्या चालकाच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब हीच आहे. त्रयस्थ पक्ष म्हणजे मालक व विमा कंपनी यांव्यतिरिक्तची व्यक्ती. स्वतःच्या चुकीने झालेल्या अपघातात मालक जखमी झाला तर तो त्रयस्थ ठरत नाही. त्याच्यासाठी 'मालक-चालक अनिवार्य वैयक्तिक अपघात संरक्षण' हा वेगळा भाग आहे. त्याची रक्कम २०१८ मध्ये १५ लाख रुपये करण्यात आली आणि १ जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रपणेही घेता येतो. अन्यत्र तेवढ्या रकमेचे अपघाती संरक्षण असलेल्यास तो पुन्हा घेण्याची गरज नाही.

या संरक्षणाची अट अशी की मालकाच्या नावे प्रभावी परवाना असावा. म्हणूनच परवाना मिळण्यापूर्वी गाडी खरेदी करणाऱ्याच्या पॉलिसीत हा भाग समाविष्ट केला जात नाही. पुढे परवाना मिळतो, पण पॉलिसीत तो भाग जोडून घेण्याचे कोणाच्याही ध्यानी येत नाही. परवाना हाती पडला की त्याच आठवड्यात कंपनीस कळवून हे संरक्षण घेणे, ही नव्या चालकाची पहिली विमाविषयक कृती असावयास हवी.

गाडी वडिलांच्या नावे आणि चालविणारी कन्या, अशी स्थिती असल्यास पेच आणखी वाढतो. वडिलांचे अनिवार्य संरक्षण वडिलांपुरतेच असते. 'निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स' या २००९ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की मालकाकडून वाहन मागून घेऊन चालविणारा मालकाच्याच जागी येतो आणि म्हणून त्यास त्रयस्थ पक्षाप्रमाणे भरपाई मागता येत नाही. म्हणजे अन्य कोणाची चूक नसलेल्या अपघातात, गाडीबाहेरील पादचाऱ्यास संरक्षण आहे, मालकासही काही प्रमाणात आहे, आणि नव्याने गाडी चालविणारी मुलगीच उघड्यावर राहते. अल्प जादा हप्त्यात मिळणारे प्रवाशांसाठीचे वैयक्तिक अपघात संरक्षण किंवा तिच्या नावे स्वतंत्र अपघात पॉलिसी हा यावरील उपाय होय. जोडसंरक्षण घेताना त्यात चालविणारी व्यक्ती समाविष्ट आहे काय, हे शब्दशः तपासावे.

सोबतच्या प्रवाशांबाबतही भेद आहे. केवळ कायद्यापुरत्या त्रयस्थ पक्ष पॉलिसीत खासगी गाडीतील विनामूल्य प्रवासी येत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत ते येतात, हे 'नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बाळकृष्णन' या २०१२ च्या निर्णयावरून स्पष्ट झाले. मित्रांना घेऊन महाबळेश्वरला निघालेल्या नव्या चालकाने दोन पॉलिसींमधील हप्त्याचा फरक याही दृष्टीने मोजावा.

जुनी गाडी आणि वारसा :
हात बसेपर्यंत जुनी गाडी बरी, हा सल्ला घरोघर दिला जातो व तो योग्यही आहे. मात्र गाडी हस्तांतरित झाल्यावर कलम १५७ नुसार त्रयस्थ पक्ष विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो, स्वतःच्या नुकसानीचा भाग जात नाही. 'कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अॅश्युरन्स' या १९९५ च्या निर्णयाने हे निश्चित केले. हस्तांतरणापासून चौदा दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी लागते. आर.टी.ओ. कडील नावबदल झाला म्हणजे सर्व झाले, ही समजूत चुकीची आहे.

नो क्लेम बोनस हा गाडीस नव्हे, तर विमाधारकास मिळतो. दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के असा वाढत जातो आणि केवळ स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर लागू होतो. वडिलांनी कमावलेला ५० टक्के बोनस गाडीसोबत मुलास देता येत नाही. वडील तो प्रमाणपत्राच्या रूपाने राखून तीन वर्षांत आपल्या पुढील गाडीस वापरू शकतात. विमाधारकाच्या मृत्यूनंतर गाडी पती वा पत्नी, अपत्ये अथवा आईवडील यांच्याकडे आल्यासच तो हक्क पुढे चालतो. नव्या मालकाने अजाणतेपणी चुकीचा बोनस घोषित केला तर ते पुढील दाव्याच्या वेळी उघड होते, कारण कंपन्या एकमेकींकडून खातरजमा करतात.

किरकोळ नुकसान आणि दाव्याचे गणित :
नव्या चालकाचे अपघात बहुतांशी पार्किंगमध्ये, गल्लीच्या वळणावर किंवा फाटकाच्या खांबाशी होतात. अशा वेळी दावा करावा काय? उदाहरणादाखल, स्वतःच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता १०,००० रुपये आहे आणि पुढचा प्लॅस्टिकचा बंपर बदलण्यास ४,००० रुपये लागणार आहेत असे मानू. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा धरला जातो, म्हणजे उरले २,०००. त्यातून १,५०० घ.सें.मी. पर्यंतच्या गाडीसाठीची १,००० रुपयांची अनिवार्य वजावट गेली की हाती १,००० रुपये येतात. त्याबदल्यात पुढील वर्षी मिळणारा २० टक्के बोनस, म्हणजे २,००० रुपये, बुडतो. हा दावा न करणेच शहाणपणाचे. 'झिरो डेप्रिसिएशन' हे जोडसंरक्षण घेतलेले असल्यास घसारा कापला जात नाही आणि याच उदाहरणात ३,००० रुपये मिळतात. मग गणित उलटते. पहिली दोन-तीन वर्षे हे जोडसंरक्षण घेणे नव्या चालकास बहुधा परवडते. याउलट हप्ता कमी करण्यासाठी स्वेच्छेने मोठी वजावट पत्करणे हे सरावलेल्या चालकासाठी ठीक, नवशिक्यासाठी नव्हे.

गाडीचे घोषित विमामूल्य, ज्यास व्यवहारात आय.डी.व्ही. म्हणतात, तेही हप्ता घटविण्यासाठी खाली ओढले जाते. दुरुस्तीखर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास गाडी पूर्णतः निकामी धरून तेच मूल्य दिले जाते. मूल्य कमी दाखविले तर भरपाईही कमीच.

पॉलिसीचा प्रारंभ :
विमा अधिनियम १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता जमा झाल्याविना जोखीम सुरू होत नाही. पॉलिसीवर केवळ तारीख नव्हे, तर वेळही लिहिलेली असते. 'ओरिएंटल इन्शुरन्स विरुद्ध सुनीता राठी' या प्रकरणात १० डिसेंबर १९९१ रोजी अपघात दुपारी २.२० वाजता झाला होता आणि पॉलिसी २.५५ वाजता घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कंपनीस दायित्वातून मुक्त केले. अवघ्या पस्तीस मिनिटांनी मालकावर संपूर्ण भार आला. जुनी गाडी विकत घेऊन ती घरी आणण्यापूर्वी पॉलिसीवरील वेळ पाहणे म्हणून आवश्यक ठरते. नूतनीकरण चुकल्यास मुदत संपल्याच्या क्षणापासून गाडी विमाविरहित असते. बोनस टिकविण्यासाठी मिळणारे ९० दिवस हे संरक्षणाचे दिवस नव्हेत. खंड पडल्यावर कंपनी गाडीची तपासणी करूनच नवी पॉलिसी देते.

दावा व तक्रारनिवारण :
अपघातानंतर कंपनीस तत्काळ कळवावे, गाडी सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी दुरुस्तीस लावू नये, आणि कोणास इजा झाली असल्यास पोलिसांत नोंद करावी. चालविणारा कोण होता याबाबत दाव्याच्या अर्जात असत्य लिहिण्याचा मोह नव्या चालकाच्या कुटुंबास हटकून होतो. शिकाऊ मुलाऐवजी पक्का परवाना असलेल्या काकांचे नाव घातले जाते. रुग्णालयाची कागदपत्रे, पोलिसांचा पंचनामा आणि साक्षीदार यांच्यापुढे ही बतावणी टिकत नाही. नियम ३ चे पालन झाले असेल तर शिकाऊ चालकाचा दावा मुळातच ग्राह्य असतो. खोटे लिहिल्याने मात्र तो कायमचा हातातून जातो.

कंपनीने दावा नाकारल्यास नकार कारणांसह लेखी मागावा. प्रथम कंपनीच्या तक्रारनिवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार नेता येते आणि वकिलाचीही आवश्यकता नसते. लोकपालाची कार्यालये महाराष्ट्रातही आहेत. हा मार्ग विमाधारक आणि कंपनी यांच्यातील वादापुरता आहे. जखमी त्रयस्थाचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेच चालतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार तो अपघातापासून सहा महिन्यांत दाखल व्हावा लागतो. नोटीस आल्यावर मालकाने ती कंपनीकडे विनाविलंब पाठवावी आणि चालकाच्या परवान्याची प्रत, तो मंजूर झाल्याच्या तारखेसह, सोबत जोडावी.